मियाटाचे पुढचे बुश बदलताना: शेवटचा पाना गाडी चाकांवर उभी असतानाच

माझी माझदा मियाटा 1991 ची, म्हणजे पहिल्या पिढीतली. खड्ड्यातून गेली की पुढून टक्क असा आवाज यायचा आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग एका बाजूला ओढायचं. या गाडीला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वरचा आणि खालचा असे दोन आर्म. त्यांचे बुश (आर्मच्या सांध्यात बसणाऱ्या, आत लोखंडी नळी असलेल्या रबरी पुंगळ्या) झिजले की गाडी रेषेत चालतच नाही.

आधी नेमकं काय गेलंय ते शोधा. चाक जमिनीपासून उचलून वरून-खालून धरा आणि हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिला तर बहुधा बॉल जॉइंटचा (आर्मला चाकाच्या बाजूला जोडणारा गोळ्याचा सांधा). डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खडखडलं तर टाय रॉडचं (स्टिअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं) टोक बघा.

खालच्या आर्मच्या आतल्या टोकाला कॅमचे (केंद्र बाजूला असलेल्या चकतीचे) दोन लांब बोल्ट असतात. कॅम्बर-कास्टर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल आणि स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागचा कल, त्यांच्यावरच ठरतं, म्हणून सोडवण्याआधी कॅमची जागा रंगाने रेघ मारून ठेवा. खरी परीक्षा याच बोल्टांची आहे. बुशच्या आतली लोखंडी नळी आणि बोल्ट गंजून एकजीव होतात. नट सुटतो, बोल्ट फिरल्यासारखाही वाटतो, पण नीट बघा: त्याच्याबरोबर रबर पिळवटतंय आणि पाना सोडला की बोल्ट मागे येतोय. तिथे जोर लावू नका. आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल मारा, तरी नाही हलला तर करवतीने कापा. नवे कॅम बोल्ट आधीच आणून ठेवा.

गाडी भक्कम स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर अजिबात नको. ब्रेक कॅलिपर तारेने टांगा, होजवर लोंबकळत ठेवू नका. अँटीरोल बारच्या (डाव्या-उजव्या बाजूंना जोडणाऱ्या दांड्याच्या) लिंका दोन्ही बाजूंच्या सोडवा, नाहीतर बार आर्मला ओढत राहतो.

बॉल जॉइंटचा नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. मग नकलच्या (ज्यावर चाक बसतं त्या भागाच्या) ज्या भोकात पिन बसते, त्याच्या बाजूला हातोड्याचे ठोके द्या. सुटताना एकदम सुटतो, तेव्हा नट त्याला अडवतो. खालचा बॉल जॉइंट बोल्टांनी बसवलेला असतो, सुटा मिळतो. वरचा आर्ममध्येच असतो, म्हणून मी अख्खा आर्मच बदलला. स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून घालायच्या पिनचं) भोक जुळत नसेल तर नट सैल करू नका, थोडा आणखी आवळा. पिन मात्र नवीच.

नवा रबरी बुश साबणाच्या पाण्याने ओला करून प्रेसने बसवा. तेल किंवा ग्रीस रबराला चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या बुशचं रबर नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळतं. पहिल्या वेळी मी चाकं हवेत असतानाच सगळे बोल्ट घट्ट आवळले. गाडी खाली उतरवल्याबरोबर रबर पिळलं ते तसंच राहिलं, आणि थोड्याच महिन्यांत नव्या बुशांना चिरा पडल्या. सगळं काम पुन्हा करावं लागलं. म्हणून बोल्ट आधी नुसते टेकवा. चाकं चढवा, चारही चाकांखाली सारख्या जाडीच्या फळ्या ठेवून गाडी उतरवा, पुढचा भाग चार-पाच वेळा दाबून सोडा आणि मगच टॉर्क रेंचने (ठरलेला जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा. टॉर्कचे आकडे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. खालच्या आर्मखाली जॅक लावून चाकांवर उभ्या गाडीची उंची साधायला जाऊ नका. गाडी जेमतेम एक टनाची, स्प्रिंग दबण्याआधीच ती स्टँडवरून उचलली जाते.

रंगाची रेघ जुळवली तरी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावंच लागतं, तिथपर्यंत गाडी हळू न्या. ते करताना ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवायला सांगा. एवढ्या हलक्या गाडीत एका माणसाच्या वजनानेही कॅम्बर बदलतो.