भात घरात येण्याआधी उंदरांची वाट बंद करा

मुंबईत गोराई-मनोरीकडे काय किंवा आरेच्या पाड्यांवर काय, भातकापणी उरकत आली की शेतातला उंदीर घराकडे सरकतो. बांधावरचं खाणं संपतं आणि नेमकं त्याच दिवसांत झोडलेलं भात आपण पडवीत आणून टाकतो. तेव्हा उंदरांपायी जो पैसा घालायचा, तो भात घरात यायच्या आधी घाला.

मोठा उंदीर दिवसाला साधारण २५ ग्रॅम दाणा खातो. घरात दहा असले तर महिन्याला साडेसात किलो भात गेलं. मुतून आणि लेंड्या टाकून नासवतात ते वेगळंच.

गेल्या साली मीही चुकलो. भोकं तशीच ठेवून आधी पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं. त्यांनी विषाच्या वड्या ठेवल्या, पैसे घेतले आणि गेले. चार दिवसांनी माळ्यावर उंदीर मेला. वासाने घरात बसवेना, वासे हलवून तो शोधावा लागला. महिन्याभरात नवे उंदीर त्याच भोकातून आत. म्हणून सांगतो, वर्षाचा करार करण्याआधी दोन गोष्टी विचारा: भोकं बुजवणं त्यात धरलंय का, आणि मेलेला उंदीर काढायला येणार का. परवानाही बघा.

भोकं बुजवायला गवंडी लागत नाही. मोरीचं तोंड, पाण्याचा पाइप भिंतीतून जातो ती जागा, कौलं आणि भिंतीमधली फट, एवढं आधी बघा. पेन्सिल आत शिरली तर लहान उंदीर शिरतो, अंगठा शिरला तर मोठा उंदीर. रात्री बॅटरी भिंतीला तिरकी धरा. अंग घासून घासून पडलेला काळपट तेलकट पट्टा दिसेल, तीच त्यांची वाट. भोकात भांडी घासायची तारेची घासणी किंवा काचेचे तुकडे ठासून भरा आणि वरून सिमेंट लिंपा. नुसती माती तो एका रात्रीत उकरतो.

भात चांगलं वाळवून पत्र्याच्या कोठीत भरा. कणगीच हवी असेल तर ती भिंतीपासून लांब, तीन फूट उंच मांडणीवर ठेवा आणि मांडणीच्या पायांना पत्र्याची उलटी टोपी बसवा.

पिंजरा त्या तेलकट वाटेवर, भिंतीला लागून ठेवा. पहिल्या दोन रात्री चाप न लावता आत सुकट किंवा भजं ठेवा, तिसऱ्या रात्री चाप लावा. चिचुंद्री सापडली तर सोडून द्या. ती उंदीर नव्हे, झुरळं खाते.

शेतात संध्याकाळी सगळी बिळं मातीने बंद करा. सकाळी जी उकरलेली दिसतील, त्यांतच उंदीर आहे. तिथे दोन-तीन दिवस साधा भरडा टाकून चटक लावा. मग ९६ ग्रॅम भरडा, २ ग्रॅम गोडं तेल आणि २ ग्रॅम झिंक फॉस्फाइड काठीने कालवून बिळात खोल टाका आणि तोंड बुजवा. हातमोजे हवेतच. या विषावर उतारा नाही, ते घरात आणूच नका. उंदीर मारायच्या ट्यूबमधल्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचंही तेच, पोराच्या हाती लागली तर यकृत निकामी होतं.

घरात विष घालायचीच वेळ आली तर ब्रोमाडिओलोनची वडी झाकणाच्या डब्यात, पोरं आणि कोंबड्या पोचणार नाहीत अशी ठेवा. चुकून कुणी खाल्ली तर पाकीट घेऊन तडक दवाखाना गाठा. यावर व्हिटॅमिन केचा उपचार आहे.

लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचिंगच्या पाण्याने भिजवा, मग पुसा. आणि पायाला चिरा असताना चिखलात काम झालं असेल, नंतर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर अंगावर काढू नका. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, उंदराच्या मुतातून येतो. शेतात उतरलो होतो आणि घरात उंदीर आहेत, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.