मृगाआधीची बेगमी: चार माणसांच्या घराची तयारी

फेब्रुवारी संपत आला, की बाजारात जायच्या आधी आठ दिवस घरात एक काम करा. रोज पोळ्यांसाठी किती कणीक भिजवता ते मोजून वहीत लिहा. वजनकाटा नसेल तर एकच वाटी ठरवा आणि त्या वाटीचं वजन एकदा वाण्याकडे करून आणा. आमच्या घरात चार माणसं, सकाळी दहा-बारा पोळ्या, रात्री भाकरी. एक किलो पिठाच्या तीसेक पोळ्या होतात, म्हणजे दिवसाला चारशे ग्रॅम आणि महिन्याला बारा किलो गहू. हा आकडा हाती येईपर्यंत मी दुकानदार सांगेल तेवढा गहू भरत होते. दोन वर्षं दिवाळीनंतर त्यातल्या अर्ध्याला सोंडे लागले. ते चाळण्यात, निवडण्यात गेलेले दिवस मला अजून आठवतात, आणि टाकून दिलेला गहूही. तेव्हापासून बेगमीची सुरुवात मी या आठ दिवसांच्या मोजणीने करते. डाळ, तेल, साखर, चहा यांचीही मोजणी त्याच वहीत होते.

मग रेशन कार्ड काढा. अंत्योदयच्या कार्डाला कुटुंबामागे 35 किलो धान्य असतं, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, आणि जानेवारी 2023पासून ते मोफत आहे. आमच्या कार्डावर सध्या माणशी दोन किलो गहू आणि तीन किलो तांदूळ येतो. म्हणजे महिन्याच्या बारा किलो गव्हातले आठ तिथूनच आले, विकत घ्यायचे उरले चार. वर्षाचा हिशेब अठ्ठेचाळीस किलो. पूर्वी मी दीड क्विंटल भरत होते, आता पन्नास किलोचं एक पोतं पुरतं. तांदूळ तर सणाच्या इंद्रायणीपुरताच घ्यावा लागतो. कार्डावरच्या प्रत्येक माणसाचं ई-केवायसी झालं आहे का, हे याच महिन्यात दुकानात जाऊन विचारून घ्या. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव काढायचं असतं, घरात आलेल्या सुनेचं, नातवाचं चढवायचं असतं, आणि या कामाला हेलपाटे पडतात. एक नाव राहिलं तर वर्षाला साठ किलो धान्य गेलं. कार्ड एका गावचं आणि काम दुसऱ्या शहरात असेल, तरी धान्य तिथल्या रेशन दुकानात घेता येतं. कामासाठी गाव सोडलेल्या कितीतरी घरांना हे कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता पैसा. लहान घराची खरी अडचण भावात नसते, एकरकमी पैसे उभे करण्यात असते. एप्रिलमध्ये गहू स्वस्त मिळतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या एप्रिलला हातात गठ्ठा कुठून आणायचा? यासाठी आमच्या गल्लीत बारा जणींची भिशी आहे. चिठ्ठ्या न टाकता आम्ही महिने वाटून घेतले आहेत. ज्यांना जूनमध्ये शाळेची फी भरायची त्यांनी मे, मला एप्रिल. भिशीत ओळखीच्याच बायका असाव्यात, आणि कोणी किती भरले याची वही दोन घरांत असावी. भिशी नको असेल तर बँकेत एक वर्षाचं आवर्ती खातं एप्रिलमध्ये उघडा, पुढच्या एप्रिलला ते हाती येतं. बेगमी बारा हजारांत बसत असेल तर महिन्याला हजार. मात्र बेगमीसाठी कर्ज काढू नका, बचतगटाचंसुद्धा. शेकडा दोनने सहा महिन्यांत बारा टक्के व्याज जातं, आणि धान्य तेवढं महाग होईलच असं नाही. पैसे कमी पडत असतील तर गहू सहा महिन्यांचाच घ्या, त्यात काही बिघडत नाही. वाण्याकडे उधारीचं खातं असेल तर आधी ते मिटवा. खातं अडकलेलं असलं, की भाव विचारायला आपलीच जीभ रेटत नाही.

खरेदीचा क्रम पिकाच्या क्रमाने लावा, म्हणजे पैसेही टप्प्याटप्प्याने जातात. तुरीचं नवं पीक जानेवारी-फेब्रुवारीत येतं, डाळ त्यानंतर. आम्हाला महिन्याला तीन किलो लागते आणि मी सहा महिन्यांचीच घेते. चकचकीत डाळ बघून भुलू नका, पॉलिश न केलेली मागा, ती दिसायला मळकट पण चवीला चांगली असते. चिंच फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावी आणि चिंचोके काढून, मीठ लावून बरणीत दाबावी. गूळ गुऱ्हाळं चालू असतानाच आणून ठेवावा. शाळू मार्चमध्ये. आमच्याकडे मंगळवेढ्याच्या बाजूची मालदांडी येते, टपोरी आणि मोत्यासारखी पांढरी. ज्वारी नीट ठेवली तर वर्षभर टिकते, पण पीठ मात्र आठ दिवसांपुरतंच दळून आणा. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरते, आणि मग ते पीठ थालीपीठात घालून संपवावं लागतं.

गहू एप्रिलमध्ये. लोकवन घ्या की सिहोर, हे घरच्या जिभेवर सोडा, पण पोत्यातला दाणा दाताखाली धरून बघायला विसरू नका. कट्‌ आवाज करून तुटला तर कोरडा. दबला तर त्यात ओल आहे, आणि त्या ओलीचे पैसे आपण गव्हाच्या भावाने मोजतो. मुठीत घेऊन सोडा, हाताला किती धूळ राहते ते बघा. चार घरांनी मिळून घेतलं तर मार्केट यार्डातून थेट आणता येतं आणि टेम्पोचं भाडं वाटून जातं. तिथे पोत्याचं वजन वजा करून घेतलं आहे का ते विचारा. काट्यावर पडताळणीचा शिक्का चालू वर्षाचा आहे का, तेही बघा. लाजण्यासारखं त्यात काही नाही, तो शिक्का आपल्यासाठीच असतो. छापील लेबल लावलेल्या, सीलबंद 25 किलोपर्यंतच्या धान्याच्या पिशवीवर, ब्रँड असो वा नसो, 18 जुलै 2022पासून 5 टक्के जीएसटी आहे. सुटं धान्य किंवा 25 किलोवरचं पोतं त्यात येत नाही. पाच-पाच किलोच्या छापील पिशव्या आणणाऱ्या घराने हे एकदा गणित करून बघावं.

मिरचीला मी सगळ्यांत जास्त वेळ देते, कारण वर्षभर प्रत्येक भाजीत तीच जाते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. आम्हाला दीड किलो ब्याडगी आणि एक किलो संकेश्वरी पुरते. मार्च-एप्रिलच्या भर उन्हात घ्या. मिरची हातात चुरली की कडकडून मोडली पाहिजे. लवचीक असेल तर ती ओली आहे, आणि उन्हात घातल्यावर वजन घटलं की आपण काय घेतलं ते कळतं. पांढुरक्या पडलेल्या, पोटात काळ्या बुरशीच्या मिरच्या काढून टाका. देठ काढल्यावरही वजन कमी होतं, तेव्हा अडीच किलोची चटणी हवी म्हणून अडीच किलो मिरची घेऊन भागत नाही असं वाटेल. पण कांदा-लसूण चटणीत खोबरं, धणे, तीळ, कांदा, लसूण, मीठ, खडा मसाला पडतो आणि चटणी मिरचीपेक्षा भरपूर जास्त होते. त्यामुळे मिरची वाढवू नका. कांदा उभा चिरून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा आणि मग तळा, ओला कांदा राहिला तर चटणीला बुरशी धरते. लसूणही नवा, याच दिवसांतला. डंकावर जाताना सकाळी लवकर जा आणि समोर उभं राहून कुटून घ्या. आधीच्या माणसाचं काय कुटलं ते विचारा, नाहीतर आपल्या चटणीला दुसऱ्याच्या मसाल्याचा वास येतो. सासूबाई चटणी बरणीत भरताना तळाला आणि वर मिठाचा थर आणि हिंगाचा खडा ठेवायच्या. तीस वर्षांत आमची बरणी खराब झालेली मी पाहिली नाही.

हळद सांगलीत राहून पुडीतली घेणं मला जमत नाही. 2018मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण हळकुंड घेऊन दळण्याची इथली रीत त्याहून कितीतरी जुनी. एक हळकुंड मोडून बघा, आतून गर्द केशरी-पिवळं हवं. किलोभर दळून आणलं की वर्ष जातं, आणि रंगाच्या भेसळीची धास्ती राहत नाही.

तेल वर्षाचं भरायचं नाही, ते खवट होतं. पण महिन्याचं घेताना एक गोष्ट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका: डब्यावर लिटर लिहिलंय की किलो. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. पंधरा लिटरच्या डब्यात म्हणून जेमतेम साडेतेरा-पावणेचौदा किलो तेल असतं, पंधरा किलोच्या डब्यापेक्षा सव्वा किलोहून जास्त कमी. दोन दुकानांचे भाव सांगून बायका भांडतात आणि एकीचा डबा लिटरचा, दुसरीचा किलोचा असतो. पिशव्यांवरही निव्वळ वजन वाचा, एक लिटरसारख्या दिसणाऱ्या कितीतरी पिशव्यांत तेवढं तेल नसतं. पाकिटांवर आता एमआरपीच्या जोडीला ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती पडतं तेही छापलेलं असतं. अक्षर बारीक असतं, पण तीच ओळ वाचायची. मोठा पुडा नेहमी स्वस्त पडतोच असं नाही, चहा आणि धुण्याच्या पावडरीत मी हे कितीदा पाहिलं आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले किंवा वजनात फसवलं तर बिल जपून ठेवा आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

रवा, मैदा, बेसन, पोहे, शेंगदाणे, खोबरं यांची वर्षाची बेगमी करू नका, अगदी स्वस्त मिळाली तरी. पावसाळ्यात यांना जाळी धरते किंवा वास येतो. महिन्याचं महिन्याला आणा.

कांदा एप्रिल-मेचाच टिकतो, उन्हाळी. पावसाळी लाल कांदा साठवणीचा नव्हे. पंधरा किलो घेऊन, मोड आलेले, जाड मानेचे, दबलेले बाजूला काढून ते आधी वापरा. बाकीचे हवेशीर जागी पातळ पसरा, बटाट्याजवळ ठेवू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात साठ्यातला कांदा सरत येतो, नवा अजून आलेला नसतो आणि भाव चढतो, तेव्हा हे पंधरा किलो फार उपयोगी पडतात.

पापड, कुरडया, सांडगे यांना पैशापेक्षा माणसं लागतात. गल्लीतल्या चार घरांचे वार लावून घ्या. ज्या घरी चीक शिजतो, त्या घरच्या मुलांना खायला द्यायचा तो वेगळा काढूनच साचा हातात घ्यायचा, असा आमचा नियम आहे.

भरून ठेवायच्या आधी डबे आणि कोठी धुऊन, दोन दिवस उन्हात पालथी घाला. सांध्यात जुनं पीठ अडकलेलं असतं, किडा तिथूनच येतो. गव्हाला कडक ऊन द्या, पण उन्हातून काढून लगेच भरू नका. गरम धान्याला डब्यात घाम सुटतो. रात्रभर सावलीत निवू द्या, सकाळी भरा. तांदूळ कडक उन्हात घालू नका, त्याचे तुकडे पडतात. गव्हात कडुनिंबाचा सुकवलेला पाला, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. बाजारात पाऱ्याच्या टिकड्या मिळतात, त्या नकोत. आणि गोदामात वापरतात त्या विषारी वायूच्या गोळ्या घरात कधीही, एकसुद्धा, ठेवू नका. बंद खोलीत त्या वायूने माणूस दगावतो. दोन किलो गहू किडला तर किडू द्या.

2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात कमरेइतकं आलं. शाळू आणि गहू कोठीत, खाली होता. पाणी ओसरल्यावर तो मोड आलेला, कुजलेला ढीग घमेल्याने बाहेर काढला. त्या वासाने जेवण जात नव्हतं. तेव्हापासून धान्य माळ्यावर, पंधरा-पंधरा किलोच्या डब्यांत, घाईत एकट्या बाईला उचलता येईल एवढंच. रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक आणि हिशेबाची वही प्लास्टिकच्या पिशवीत तिथेच. पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर वर्षाचं एकदम भरूच नका. सहा महिन्यांचं आता, उरलेलं नवरात्राच्या आगेमागे.

शाळेची खरेदी मेच्या शेवटच्या आठवड्यात, गर्दीच्या आधी. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून आधी कच्च्या वह्या शिवा. वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवर 22 सप्टेंबर 2025पासून जीएसटी नाही, आणि अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांत आलं आहे, तेव्हा बिलातली ती ओळ बघून घ्या. गणवेश एक माप मोठा, टिपा घातलेला. पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलांकडून, पण अभ्यासक्रम तोच आहे ना हे विचारून.

7 जूनला मृग लागतो. त्याच्या आधी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवा: काय आहे, किती, कधी भरलं, काय भावाने. वहीत तेच पुन्हा लिहा, पुढच्या फेब्रुवारीत मोजणी करताना हे पान लागतं. जुलैच्या मध्यावर, पावसाने उघडीप दिली की, सगळे डबे एकदा उघडून वास घ्या आणि गव्हात कोपरापर्यंत हात घालून बघा. आत कोमट लागलं तर त्याच दिवशी तो डबा उपसा.