टायर हाताने वाचा, मग अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवून घ्यायला) जा
पुढच्या टायरच्या नक्षीवर तळवा आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं खरखरीत लागलं, तर टो (वरून पाहिल्यावर चाकं किती आत-बाहेर वळलेली दिसतात तो कोन) बिघडलाय. टायर खाण्यात हाच सगळ्यात पुढे. खरखर नाही, पण एकच कड झिजलीय? कॅम्बरवर (समोरून पाहिल्यावर चाकाचा आत-बाहेरचा कल) संशय घ्या. दोन्ही कडा झिजल्या असतील तर बहुतेक हवा कमी. गाडी जराशी डावीकडे ओढते म्हणून लगेच घाबरू नका, पाणी वाहून जावं म्हणून रस्ते कडेला उतरतेच असतात (निदान असायला हवेत!).

अलाइनमेंटआधी हवा नीट भरा, टाय रॉडमधला (स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, तपासून घ्या आणि आधी-नंतरच्या आकड्यांचा प्रिंटआउट मागा. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा टोच तेवढा बदलता येतो. ‘कॅम्बरपण केला’ म्हणून जादा पैसे मागितले, तर कुठला बोल्ट फिरवला ते विचारा.