जॅझचे जुने पोस्टर घेताना भिंग आधी अक्षरांवर धरा

जॅझ मैफलींच्या जुन्या पोस्टरांबरोबर त्यांच्या नंतर काढलेल्या प्रतीही बाजारात सर्रास फिरतात, म्हणून पैसे मोजण्यापूर्वी दहापट मोठे दाखवणारे, घड्याळजींकडे असते तसे भिंग जवळ ठेवावे आणि ते चित्राऐवजी आधी अक्षरांवर धरावे. स्वित्झर्लंडमधील विलिसाऊ येथील मैफलींसाठी ग्राफिक डिझायनर निक्लाउस ट्रॉक्सलर यांनी केलेली अनेक पोस्टर स्क्रीन प्रिंटिंगची, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापलेली आहेत. अशा मूळ प्रतीत रंग सलग आणि दाट बसलेला असतो, अक्षराची कड स्वच्छ दिसते, आणि कागद उजेडात तिरका धरला तर शाईचा थर किंचित उठलेलाही जाणवतो. स्कॅन करून ऑफसेटवर, म्हणजे छापखान्यातल्या नेहमीच्या यंत्रावर, छापलेल्या प्रतीत मात्र तेच अक्षर निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांत फुटते.

अर्थात, केवळ छायाचित्रात ठिपके दिसले म्हणून पोस्टर नकली ठरवू नये, कारण ऑफसेटवरच्या मूळ पोस्टरातही छायाचित्र ठिपक्यांचेच असते. तेथे मजकुराची अक्षरे भरीव आहेत का, एवढेच पाहावे.

मापही टेपने मोजावे. मोठी स्विस पोस्टर साधारण ९० बाय १२८ सेंटिमीटरची असतात, आणि तेच चित्र निम्म्या आकारात मिळत असेल तर शंका घ्यावी. ऑनलाइन खरेदीत विक्रेत्याकडून एकाच अक्षराचा जवळून काढलेला फोटो मागावा. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर मी पुढे बोलत नाही. लॅमिनेशन केलेले पोस्टर मात्र स्वस्तातही घेऊ नये, कारण ते प्लास्टिक काढताना शाईही निघून येऊ शकते.