जुन्या शेव्ही सिल्व्हराडोचा बीसीएम बदलायचाय? आधी हे वाचा, मग पाना हातात घ्या

अमेरिकेत जुना पिकअप वापरणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय, खास करून ज्यांच्याकडे 2003 ते 2006 मधला शेव्हरोले सिल्व्हराडो किंवा जीएमसी सिएरा आहे त्यांच्यासाठी. हे ट्रक इंजिनाला दणकट आहेत, पण आता वय झालंय आणि इलेक्ट्रिकलच्या तक्रारी सुरू होतात. चावी काढली तरी रेडिओ चालूच, आतले दिवे विझत नाहीत, लॉक आपोआप खालीवर होतात, सकाळी बॅटरी झोपलेली. मग कोणीतरी सांगतं की बीसीएम गेला, बदलून टाक. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल: आतले दिवे, लॉक, चाइम (इशाऱ्याची टिंगटिंग), चावी काढल्यावर रेडिओला मिळणारी पॉवर आणि चोरीविरोधी सिस्टिम, एवढं सगळं सांभाळणारा डॅशखालचा छोटा डबा.

आता माझं स्पष्ट मत. डबा काढून दुसरा लावणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. डबाच खराब आहे याची खात्री करणं आणि नवा डबा ट्रकला ओळखायला लावणं, खरी मेहनत या दोन ठिकाणी आहे आणि लोक नेमकी तीच टाळतात.

आधी खात्री करा

सुरुवात बॅटरीपासून. ट्रक रात्रभर उभा असेल तर मल्टीमीटरवर साधारण 12.6 व्होल्ट दिसायला पाहिजे, इंजिन चालू असताना 14 च्या आसपास. बॅटरी अशक्त असेल तर मॉड्यूल वेड्यासारखे वागतात, त्यामुळे ती आधी नीट करा, नाहीतर पुढचं सगळं टेस्टिंग वाया.

मग फ्यूज. ड्रायव्हरचं दार उघडलं की डॅशच्या डाव्या टोकाला एक झाकण दिसतं, त्याच्या आत एक फ्यूजबॉक्स आणि दुसरा बॉनेटखाली. इथे बरेच जण गोंधळतात कारण झाकणावर बीसीएम असं कुठे लिहिलेलंच नसतं, जीएमने या ट्रकमध्ये त्याला टीबीसी म्हटलंय, म्हणजे ट्रक बॉडी कंट्रोलर. टीबीसी नावाचे जेवढे फ्यूज दिसतील तेवढे सगळे तपासा, नुसतं डोळ्यांनी बघू नका, फ्यूजच्या दोन्ही टोकांना टेस्ट लाइट लावून बघा.

त्यानंतर ग्राउंड, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा, लाल प्रोब बीसीएमच्या कनेक्टरमधल्या ग्राउंड वायरवर मागच्या बाजूने टोचा आणि आतले दिवे वगैरे चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे मीटरवर दिसणारा या दोन टोकांमधला फरक, बघा. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर ठीक, त्याच्या बराच वर गेला तर ग्राउंडचे बोल्ट खोलून, घासून, परत घट्ट करा. जिथे रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या ट्रकला, म्हणजे मिशिगन, ओहायो वगैरे, हे फार होतं. कितीतरी लोकांचा प्रॉब्लेम इथेच सुटतो आणि बीसीएमला हातही लावायला लागत नाही.

आतले दिवे विझत नसतील तर दाराच्या लॅचवर संशय घ्या. दार उघडं की बंद हे सांगणारा स्विच लॅचच्या आत असतो, तो चिकट झाला की बीसीएमला दार उघडंच वाटतं आणि बिचारा दिवे चालू ठेवतो. दार उघडून लॅचमध्ये लुब्रिकंट स्प्रे मारा, स्क्रू ड्रायव्हरने लॅच चारपाच वेळा बंद करा उघडा. आणि स्पीडोमीटरचा काटा भलतीकडे अडकतोय म्हणून बीसीएम बदलणार असाल तर थांबा, ते या वर्षांच्या मॉडेलचं प्रसिद्ध दुखणं आहे, क्लस्टरमधल्या, म्हणजे डॅशवरच्या मीटरच्या पॅनलमधल्या, काटे फिरवणाऱ्या स्टेपर मोटर जातात, बीसीएमचा काही संबंध नाही.

आता स्कॅनर लावा. साधा इंजिनचे कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर इथे पुरत नाही, बॉडीचे मॉड्यूल वाचणारा पाहिजे. यू1064 कोड दिसला तर बाकीच्या मॉड्यूलचं बीसीएमशी बोलणं तुटलंय. पॉवर आहे, ग्राउंड आहे, डेटा वायर तुटलेली नाही, आणि तरी बीसीएम स्कॅनरला उत्तर देत नाही, तर मग हो, डबा गेला असं म्हणायला आधार आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट पण दाबून बघा. ओलं असेल तर विंडशील्डच्या कडेने पाणी आत येतंय का ते शोधा आणि ती गळती आधी बंद करा, नाहीतर नवा डबाही त्याच पाण्यात जाईल.

पार्ट घेताना

जुन्या डब्याच्या लेबलवरचा पार्ट नंबर जसाच्या तसा जुळला पाहिजे. दिसायला सारखे असतात पण आतलं सॉफ्टवेअर आणि ऑप्शन वेगळे असतात. नवा घेतला तर तो कोरा येतो, त्याच्यात तुमच्या ट्रकचा व्हिन (म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक) आणि ऑप्शन भरायला लागतात, त्यासाठी जीएमचा टेक टू नावाचा स्कॅनर किंवा तेवढ्या ताकदीचं दुसरं टूल हवं. ट्रकमध्ये कुठले ऑप्शन आहेत ते ग्लोव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर तीन अक्षरी कोडमध्ये लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. व्हिन पाठवला तर आधीच प्रोग्रॅम करून पाठवणारे विक्रेते आहेत, घरी येऊन प्रोग्रॅम करणारे लॉकस्मिथ पण आहेत. भंगारातला वापरलेला डबा स्वस्त पडतो, पण तो तुमच्या ट्रकला सेट करून देणारा माणूस आधी शोधा आणि मगच पैसे द्या.

डबा बदलणं

ड्रायव्हरकडची काच खाली करा, चावी खिशात ठेवा (लॉक वेडेपणा करत असतील तर ट्रक स्वतःला बंद करून घेईल), मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, या ट्रकला टर्मिनल बाजूला असतं, 8 एमएमचा पाना लागतो. काही मिनिटं थांबा म्हणजे एअरबॅग सिस्टिममधला उरलेला चार्ज उतरतो. पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना अजिबात हात लावू नका.

स्टीअरिंगखालचं, गुडघ्यासमोरचं पॅनल काढा. स्क्रू बहुतेक 7 एमएमचे आहेत. पॅनल एकदम ओढू नका, मागे वायर असू शकतात, आणि जुनं प्लास्टिक थंडीत पटकन तुटतं. बीसीएम डॅशखाली स्टीअरिंग कॉलमच्या बाजूला बसवलेला असतो, टॉर्च घेऊन पाठीवर झोपल्याशिवाय नीट दिसत नाही. कनेक्टर काढायच्या आधी फोटो काढा. मग एखाद्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक उतरवा, प्रत्येक कनेक्टरचं लॉक दाबून सरळ बाहेर ओढा, वायरला धरून नाही. पिन हिरव्या किंवा पांढुरक्या दिसल्या तर इलेक्ट्रिकल क्लीनर मारून वाळू द्या, वाकलेली पिन असेल तर आत्ताच सरळ करा. नवा डबा बसवा, प्रत्येक कनेक्टर टक् असा आवाज येईपर्यंत दाबा, बॅटरी जोडा. पॅनल इतक्यात लावू नका.

नवा डबा आणि इंजिनाची ओळख करून देणं

इथे लोक घाबरतात. ट्रक चालू होतो आणि दोन सेकंदांत बंद पडतो, सिक्युरिटीचा दिवा लागतो, वाटतं की नवा डबाही खराब निघाला. तसं नसतं. या ट्रकमध्ये पासलॉक आहे: चावीच्या सिलिंडरमधला सेन्सर बीसीएमला सिग्नल देतो, बीसीएमला तो पटला की तो इंजिन कॉम्प्युटरला पासवर्ड पाठवतो, आणि तो पासवर्ड ओळखीचा असेल तरच पेट्रोल सुरू राहतं. नव्या डब्याचा पासवर्ड वेगळा, म्हणून इंजिन कॉम्प्युटर त्याला चोर समजतो.

व्हिन आणि ऑप्शन भरून झाले की मग हे करा. बॅटरीला चार्जर लावून ठेवा, दिवे, पंखा, रेडिओ सगळं बंद. चावी फिरवून स्टार्ट करायचा प्रयत्न करा, इंजिन बंद पडलं की चावी ऑनवरच राहू द्या. सिक्युरिटीचा दिवा बघत बसा, साधारण 10 मिनिटांनी तो विझतो. विझला की चावी ऑफ करा, 10 सेकंद थांबा. हेच अजून दोनदा, म्हणजे एकूण तीन फेऱ्या, अर्धा तास धरून चाला. मध्येच चावी ऑफ केली तर पहिल्यापासून करायला लागतं, म्हणून पोरांना ट्रकपासून लांब ठेवा. तिसऱ्या फेरीनंतर चावी ऑफ करून परत स्टार्ट करा, इंजिन चालू राहिलं पाहिजे. नाही राहिलं आणि सिक्युरिटीचा दिवा परत येत असेल तर चावीच्या सिलिंडरमधला सेन्सर किंवा त्याची वायर बघायला पाहिजे, डबा परत काढत बसू नका.

आता कोड क्लिअर करा, लॉक, आतले दिवे, हेडलाइट, चाइम, चावी काढून दार उघडल्यावर रेडिओ बंद होतोय का, सगळं एकेक करून बघा. रिमोट चालत नसेल तर तो नव्या डब्याला परत शिकवायला लागतो. हे सगळं जमलं की मग पॅनल लावा.

बॅटरी उतरायची तक्रार होती त्यांनी अजून एक टेस्ट करायचीच. बॅटरीची निगेटिव्ह केबल आणि पोस्टच्या मध्ये मीटर 10 अँपच्या सेटिंगला जोडा, दाराचा लॅच स्क्रू ड्रायव्हरने बंद करा म्हणजे ट्रकला दार लागलंय असं वाटेल, चावी बाहेर, आणि अर्धा तास हात लावू नका, मॉड्यूल झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना इंजिन स्टार्ट करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा 50 मिलीअँपच्या खाली स्थिरावला तर काम झालं. वरच राहिला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा धपकन उतरतो त्या सर्किटवर काहीतरी जागं आहे, मग ते बाहेरून बसवलेलं स्टीरिओ असो, ट्रेलरची वायरिंग असो की जुना रिमोट स्टार्टर.