ग्राफिक डिझाइन शिकताय? पडद्यावर देखणं दिसणारं काम कागदावर फसवणाऱ्या या चुका टाळा

असाइनमेंट मिळाली की थेट सॉफ्टवेअर उघडायचं, ही पहिल्या सत्रातली सर्वांत महागात पडणारी सवय. तासाभरात पडद्यावर काहीतरी नीटनेटकं उभं राहतं, आणि नीटनेटकं आहे म्हणूनच ते मोडवत नाही. त्याऐवजी काडेपेटीएवढ्या चौकटी आखून पेन्सिलने वीस मांडण्या काढा. त्यातल्या अठरा फेकून देताना जीव तुटणार नाही. हात चांगला नसला तरी बिघडत नाही, शीर्षक कुठे आणि चित्र कुठे एवढं कळलं की पुरे.

दुसरा सापळा घडीच्या माहितीपत्रकाचा. मीही यात अडकलो होतो. ए-फोर आडवा धरला की रुंदी २९७ मिमी. मी सरळ तीन भाग केले, ९९-९९-९९. छापून घडी घातली तर आत जाणारं पान घडीला अडून फुगलं. आत दुमडणारा भाग दोन-तीन मिमी अरुंद हवा, म्हणजे ९७, १०० आणि १००. बाहेरच्या बाजूला डावीकडून आधी हे अरुंद पान, मग मागचं पान, मग मुखपृष्ठ. आतल्या बाजूला क्रम उलटतो आणि अरुंद पान उजवीकडे जातं. हे डोक्यात घोळवत बसू नका. कोरा कागद दुमडा, प्रत्येक पानावर नाव लिहा, उलगडा आणि समोर ठेवूनच फाइल बनवा. अशी डमी करायला दोन मिनिटं लागतात.

छापून कापल्यावर कडेला पांढरी रेघ दिसतेय? रंग पानाच्या कडेलाच थांबवला असणार. कटिंग केसभर सरकतंच, म्हणून चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड द्या, म्हणजे रंग कापायच्या रेषेबाहेर तेवढा वाढवा. ए-फोरसाठी मग २१६ × ३०३ मिमी होतात. मजकूर मात्र कडेपासून निदान ५ मिमी आत ठेवा.

फोटो फुटतोय? १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० पीपीआयला (इंचामागे ३०० पिक्सेल) जेमतेम १० सेंमी रुंद छापतो. तोच ए-फोरभर ताणला की दीडशेच्या खाली येतो. आकड्याच्या चौकटीत नुसतं ३०० टाइप केल्याने तपशील वाढत नाही, सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरतं. मोठी मूळ फाइल शोधा, नाहीतर फोटो लहान वापरा.

बारीक काळी अक्षरं पुसट दिसत असतील तर तो काळा चार शायांचा आहे का बघा. चारही छाप तंतोतंत एकावर एक बसत नाहीत. मजकुराला फक्त काळी शाई १०० टक्के. आणि पडद्यावरचा झगझगीत निळा-हिरवा सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) मलूल होणारच, तेव्हा रंग ठरवतानाच तो मोड लावा.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळं, आणि त्याकडे वर्गात फारसं कुणी बघत नाही. इंग्रजी शीर्षकासारखं अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसू लागतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं तर वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. जोडाक्षरं फुटून ‘शक्ती’चं ‘शक्‌ती’ झालं, तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा जोडाक्षरं नीट जुळवणारा पर्याय निवडून पाहा. मजकूर युनिकोडमध्येच घ्या, म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षरं तीच राहतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं लिखाण फॉन्ट बदलताच अगम्य चिन्हांचा ढीग होतं, आणि तो उपसायला तुम्हीच बसता.

लोगो फोटोशॉपमध्ये करू नका, व्हेक्टरमध्ये करा, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांत, कितीही मोठा केला तरी न फुटणारा. यावर वाद नको.

कॉलेजच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडल्यावर फॉन्ट बदललेले आणि चित्रं गायब असतील, तर घरून आणताना नुसती इनडिझाइनची (अडोबीच्या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरची) फाइल आली, तिला जोडलेलं बाकी सामान घरीच राहिलं. फॉन्ट आणि चित्रं एकत्र गोळा करणारी ‘पॅकेज’ ही सोय वापरून पूर्ण फोल्डर आणा, सोबत पीडीएफ ठेवा. आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी खऱ्या मापात एक साधी काळी-पांढरी प्रिंट काढून भिंतीवर लावा, चार पावलं मागे जाऊन वाचा. पडद्यावर झूम करून मोठं वाटणारं सात पॉइंटचं अक्षर तिथे सापडतं.