लकव्यानंतर दम लागेल असा व्यायाम कसा सुरू करायचा

बाबांना डाव्या बाजूचा लकवा झाला त्याला आता दीड वर्ष होईल, आणि सुरुवातीचे कितीतरी महिने आम्ही त्यांना नुसतं जपत बसलो, हळू चाला, दगदग नको, बसा जरा. हात-पाय हलवायची फिजिओथेरपी चालू होती पण हृदयाला व्यायाम असा नव्हताच, त्यामुळे बाथरूमपर्यंत गेले तरी धापा टाकायचे.

अमेरिकेतल्या ५५ पेशंटचा एक अभ्यास २०२३ मध्ये छापून आलाय, सगळ्यांच्या स्ट्रोकला, म्हणजे लकव्याच्या झटक्याला, निदान ६ महिने होऊन गेलेले. १२ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस चालायचा व्यायाम. ज्यांनी ३० सेकंद जमेल तेवढं जोरात आणि मग ३० ते ६० सेकंद आराम असं केलं त्यांचं ६ मिनिटांत चालायचं अंतर सरासरी ७१ मीटरने वाढलं, मध्यम वेगाने सलग चालणाऱ्यांचं २७ मीटरने.

पण हे वाचून लगेच सुरू करू नका प्लीज. पहिल्या दिवसांत तर नाहीच, स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत जास्त उठवाउठव केल्याने नुकसान होतं हे २०१५ च्या मोठ्या अभ्यासात दिसलंय. आधी न्यूरो आणि हार्टच्या डॉक्टरांना विचारा, ईसीजी लावून स्ट्रेस टेस्ट करून घ्या, आणि पहिले काही आठवडे फिजिओ समोर असतानाच करा.

घरी आम्ही टेकून बसायची सायकल घेतली, तोल जायची भीती नाही. बाबांचा डावा पाय पेडलवरून घसरायचा आणि त्यांना कळायचंच नाही, टाच खाली घासत राहायची, म्हणून वेल्क्रोचा पट्टा बांधतो आणि डावा हात मांडीवरच्या उशीवर ठेवतो, लोंबकळू देत नाही. आधी ५ मिनिटं हळू, मग ३० सेकंद जोर, १ मिनिट हळू, पहिल्या आठवड्यात अशा ४ फेऱ्याच, मग एकेक वाढवत नेल्या.

जोर किती, तर घड्याळातल्या पल्सवर जाऊ नका. बीपीसाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर पल्स हवी तेवढी वाढत नाही आणि जास्तीत जास्त पल्स काढायचं २२० वजा वय हे गणित साफ चुकतं. मी बाबांशी बोलत राहते, एकदोन शब्दांपुढे उत्तर येत नसेल तर जोर बरोबर आहे, पूर्ण वाक्य आलं तर कमी पडतोय.

छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड अनियमित वाटली की तिथेच थांबा. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात-पाय अजून लुळा पडला तर वाट बघू नका, सरळ १०८. डायबिटीस असेल तर आधी शुगर बघा. बीपी व्यायामाआधी मोजायचंच, आमच्या डॉक्टरांनी १८०/१०० ची मर्यादा दिलीय, त्याच्या वर असेल तर त्या दिवशी सुट्टी, तुमची तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि शेवटी एकदम थांबायचं नाही, बीपी खाली येऊन घेरी येते, ५ मिनिटं पेडल हळू फिरवत ठेवा, मगच पट्टा सोडा.